ब्रूम फुललंय, लॉपरला धार लावा

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातला सिएटल-टकोमा-ऑलिंपिया पट्टा, खाली ओरेगनातलं विलामेट खोरं, वर कॅनडातलं व्हँकुव्हर बेट. या सगळ्या भागात एप्रिलअखेरपासून रस्त्यांच्या कडा पिवळ्याधमक दिसू लागतात. घराबरोबर एकर-दोन एकर रान घेणारी आपली बरीच मंडळी आता इकडे आहेत, आणि दर मे महिन्यात फोटो पाठवून विचारणा होतेच: फुलं फार छान आहेत, रोप कुठे मिळेल? हे स्कॉच ब्रूम. रोप आणू नका. रानात आधीच असेल तर शेंगा पिकायच्या आत, म्हणजे येत्या काही आठवड्यांत, तोडून टाका.

झुडूप माणसाच्या उंचीचं, कधी तीन मीटरपर्यंत जातं. फूल तागाच्या फुलासारखं दिसतं, आणि दोन्ही एकाच कुळातली. मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र धरतं, त्यामुळे खडीवर, कापलेल्या उतारावर, जिथे दुसरं काही धड उगवत नाही तिथेही माजतं. पानं बारीक, तीन-तीनच्या जुडीत. उन्हाळा कडक झाला की ती झडतात, पण हिरव्या काड्या पानांचं काम चालू ठेवतात. म्हणून हिवाळ्यात आजूबाजूचं रान करडं झालेलं असतं तेव्हाही हे हिरव्या काड्यांच्या जुडग्यासारखं उठून दिसतं. पाहणी करून खुणा बांधायच्या तर ते दिवस उत्तम.

मूळचं हे युरोपातलं. व्हँकुव्हर बेटावर १८५० मध्ये कॅप्टन वॉल्टर ग्रँट या स्कॉटिश वसाहतदाराने सूक इथल्या आपल्या जमिनीत हवाईतून आणलेलं बी पेरलं. त्यातली तीनच रोपं जगली, असं सांगतात. पुढे रस्त्यांच्या दरडी धरून ठेवायला आणि बागेच्या शोभेला लोकांनी हौसेने लावलं. घाणेरीची गोष्ट आपल्याकडे वेगळी कुठे झाली?

झाड तोडणं सोपं आहे. जड जातं ते जमिनीतलं बी. दोन-तीन वर्षांचं झुडूप फुलू लागतं, मोठं झुडूप एका हंगामात हजारोंनी बी टाकतं, आणि ते बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं. जुलैत शेंगा काळ्या पडल्या की कोरड्या दुपारी तडकताना ऐकू येतात. सोयाबीनची काढणी लांबली की शिवारात होतो तसाच आवाज. बी काही मीटर लांब उडतं, तिथून मुंग्या नेतात, बुटांच्या चिखलातून आणि गवत कापायच्या मोवरच्या चाकांतून पुढच्या रानात जातं. तेव्हा शेंगा काळ्या झाल्यावर तोडायला गेलात तर ती पेरणीच समजा.

आता तोडायचं कसं. बुंधा करंगळीपेक्षा जाड असेल तर उपटायच्या नादी लागू नका. मूळ ओढताना माती उलथते, खाली निजलेलं बी वर येतं आणि पुढच्या वसंतात एका झुडपाच्या जागी गालिचा उगवतो. लॉपरने, म्हणजे लांब दांड्यांच्या कात्रीने, किंवा हातकरवतीने अगदी जमिनीलगत कापा. बोटभर खुंटही ठेवू नका, माती थोडी बाजूला सारून कापलं तर आणखी चांगलं. फुलोऱ्यात झाडाची साठवलेली ताकद खर्ची पडलेली असते आणि पुढे कोरडे महिने येतात, त्यामुळे बुंध्याची साल तपकिरी-राखाडी झालेली जुनी झाडं बहुतेक या एका कापणीत मरतात. हिरव्या सालीची तरणी झाडं मात्र फुटवे काढतात. ऑगस्टअखेर, जमीन तडकलेली असताना, त्यांच्याकडे एक फेरी मारा आणि फुटवे पुन्हा छाटा. ही दुसरी फेरी टाळणाऱ्यांच्या रानात दोन वर्षांनी पहिल्यापेक्षा दाट झाडोरा दिसतो.

सगळं एका हंगामात उरकणार नसेल तर कडेपासून सुरुवात करा. जिथे झाडं तुरळक आहेत, जिथे मातीत बी कमी आहे, तो भाग आधी मोकळा करा आणि दाट जाळीकडे शेवटी वळा. बहुतेक जण उलट करतात, कारण दाट जाळी डोळ्यांत खुपते. मजूर किंवा वेळ कमी असेल तर निदान सर्वांत जास्त फुललेली झाडं कापा, तेवढंच यंदाचं बी पडायचं टळलं.

पेन्सिलीएवढी रोपं उपटायचीच आहेत, पण ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये, पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर. हाताने सुटतात. खड्डा पायाने दाबून बंद करा. पेन्सिल आणि करंगळी यांच्या मधल्या जाडीच्या बुंध्यांसाठी पकडीचं उपटणं मिळतं, त्याला इकडे वीड रेंच म्हणतात. वॉशिंग्टनमध्ये काही काऊंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, तण नियंत्रण मंडळं ते उसनं देतात, फोन करून विचारा. रसायन वापरणारे ताज्या कापलेल्या खुंटावर ट्रायक्लोपायर हे तणनाशक लावतात. लेबल पूर्ण वाचा, ओढ्याच्या, तळ्याच्या जवळ नको. चार-सहा झाडांसाठी मी तरी ते आणणार नाही.

कापलेल्या फांद्यांवर नुसती फुलं असतील तर तिथेच ढीग घालून वाळू द्या. शेंगा धरल्या असतील तर कंपोस्टमध्ये अजिबात नाही. बंद पिशव्यांतून कचरा केंद्रावर न्या. पेटवून देण्याचा मोह आवरा. उन्हाळ्यात जाळण्यावर बंदी असतेच, आणि ब्रूमचं वाळलेलं लाकूड भडकून पेटतं. त्याचा काटेरी भाऊ गॉर्स तर तेलकट. ओरेगनच्या किनाऱ्यावरचं बँडन गाव सप्टेंबर १९३६ मध्ये जळून खाक झालं, तेव्हा गावाभोवती माजलेल्या गॉर्सनेच आग घरांपर्यंत पोहोचवली होती.

शेरडं हा पाला खातात, फुटवे खुडून ठेवायला त्यांचा उपयोग होतो. मात्र झाडात स्पार्टीनसारखी विषारी द्रव्यं आहेत, घोड्या-गाईंना मुद्दाम चारू नका. मुलांना सांगून ठेवा: कोवळी शेंग मटारासारखी दिसते, तोंडात घालायची नाही.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवली तर ब्रूम परत येणार. पाऊस लागला की स्थानिक गवताचं बी फेका किंवा लाकडाच्या चिपांचं जाड आच्छादन द्या. पिवळं फूलच हवं असेल तर ओरेगन ग्रेप लावा. इथलीच आहे, वसंतात लवकर फुलते, मधमाश्या येतात. फोर्सिथिया किंवा झुडपी पोटेंटिलाही चालेल.

ओळखण्यात गल्लत होते म्हणून थोडं सांगतो. स्कॉच ब्रूमची काडी कंगोरेदार, शेंगेला लव फक्त कडांना. शेंग सगळीकडून लवेने झाकलेली आणि फूल फिकट असेल तर पोर्तुगीज ब्रूम. फ्रेंच ब्रूमला पानं दाट, फुलं लहान आणि झुपक्यात. स्पॅनिश ब्रूमची काडी गोल, लव्हाळ्यासारखी, पानं जवळजवळ नाहीतच, फूल मोठं आणि वासाचं. ही शेवटची दोन वॉशिंग्टनमध्ये उपद्रवी तणांच्या सर्वांत कडक यादीत आहेत, दिसली तर काऊंटीला कळवा. झुडपावर लोकरीसारख्या करड्या गाठी आढळल्या तर ते एका सूक्ष्म कोळ्याचं काम आहे. ब्रूमचा हा शत्रू २००५ च्या सुमारास इथे आढळला. गाठींनी भरलेल्या झुडपाला फूल कमी येतं; तसं झाड कापणीच्या यादीत मागे ठेवा.

'लेना', 'आंद्रेयानुस' या लाल-केशरी फुलांच्या शोभिवंत जाती म्हणजे हेच स्कॉच ब्रूम किंवा त्याचा संकर. रंगाला भुलू नका; वॉशिंग्टनमध्ये स्कॉच ब्रूमच्या विक्रीला बंदी आहे.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बाग करणाऱ्यांना हा सल्ला लागू नाही. तिथे ते मूळचंच आहे. फुलं संपली की हिरव्या काड्या एक-तृतीयांश छाटा, जुन्या लाकडात कात्री घालू नका, ते परत फुटत नाही. जागा एकदाच ठरवा. उचलून दुसरीकडे लावलेलं झाड सहसा जगत नाही.

आणि उटीला फिरायला जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी: नीलगिरीच्या वरच्या माळांवर जे पिवळं झुडूप दिसतं ते हेच, ब्रिटिशांनी आणलेलं, तिथल्या शोला नावाच्या सदाहरित जंगलांभोवतीची गवताळ राने त्याने बळकावली आहेत. महाबळेश्वरच्या बंगल्यात लावायला म्हणून शेंगा खिशात टाकू नका.