पेशंटसाठी विजयाचं (भांगेचं) औषध घ्यायचं असेल तर आधी हे करा

माझ्या मावशीची केमो सुरू झाली आणि आठवड्याभरात फॅमिली ग्रुपवर "गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो" असे फॉरवर्ड यायला लागले. मावसभावाने घाबरून ऑनलाइन एक बाटली मागवली, त्यावर ना लायसन्स नंबर ना बॅच नंबर, आत काय किती आहे त्याचा पत्ताच नाही. मावशीला दोन दिवस नुसतं गरगरत होतं आणि डॉक्टरांना सांगायची हिंमत कोणाची होईना, का तर पोलीस केस होईल. ते निस्तरताना जे जे कळलं ते लिहितोय, तुमच्या घरी तशी वेळ यायला नको.

आधी कायदा समजून घ्या. १९८५ चा एनडीपीएस कायदा (केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा) गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ असं धरतो, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांपासून बनणारी भांग केंद्राच्या या कायद्यातून सुटली आणि राज्यांकडे गेली. पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याची बंधनं भांगेवरही आहेत, म्हणून "बनारसला दुकानात मिळते मग इथे काय झालं" हे महाराष्ट्रात चालत नाही. एनडीपीएसमध्येच मेडिकल आणि सायंटिफिक वापरासाठी वाट ठेवलेली आहे, पण ती लायसन्सवाल्यांसाठी. आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून गच्चीवर कुंडीत झाड लावलं तरी तो गुन्हाच, आणि एक किलोच्या आतला गांजा "कमी प्रमाण" धरला जातो म्हणजे माफ असतो असं अजिबात नाही, १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग बघा की तुमच्या पेशंटच्या आजारावर हे खरंच चालतं का. लहान मुलांच्या काही दुर्मिळ आणि हट्टी फिट्सवर सीबीडीचं (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) एपिडायोलेक्स नावाचं औषध अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मंजूर केलं. केमोच्या उलट्यांवर तिकडे ड्रोनॅबिनॉल, म्हणजे लॅबमध्ये बनवलेलं टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), बरीच वर्षं वापरतात, पण साध्या गोळ्यांनी उलट्या थांबत नसतील तरच. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात त्यावरही उपयोग दिसलाय. जुनाट दुखण्यात काहींना थोडा फरक पडतो, सगळ्यांना नाही. आणि कॅन्सर बरा होतो हे माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही, असं सांगून कोणी विकत असेल तर तिथून उठून या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेलाच्या मागे लागण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दुखणं आणि उलट्या कमी करायला अजून काय करता येईल?" आम्ही हे महिनाभर विचारलंच नव्हतं. पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार) म्हणजे शेवटचे दिवस अशी आपली समजूत असते, ती चुकीची आहे, उपचार चालू असतानाही ते घेता येतं. मुंबईत टाटा मेमोरियलला त्याचा वेगळा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे. मावशीच्या उलट्यांची गोळी बदलली, मॉर्फिन सुरू झालं आणि किती दिवसांनी ती रात्रभर झोपली, मला ती सकाळ अजून आठवते.

त्यानंतरही विजया घ्यायचं असेल तर आपल्याकडे सरळ रस्ता आयुर्वेदाचा आहे. आयुर्वेदिक डॉक्टरांना समोर बसून दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या, लेखी प्रिस्क्रिप्शन घ्या. बाटलीवर आयुर्वेदिक लायसन्स नंबर, बॅच, तारीख, घटक आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आहे का पाहा, आणि टीएचसी सीबीडी किती मिलिग्रॅम आहे त्याचा लॅब रिपोर्ट मागा, नाही दिला तर घेऊ नका. तेच प्रिस्क्रिप्शन कॅन्सरच्या किंवा फिट्सच्या डॉक्टरांनाही दाखवा, कारण सीबीडीमुळे क्लोबाझाम (फिट्सचं) आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) यांसारख्या औषधांचा असर वाढू शकतो. घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर टीएचसीपासून लांबच राहा. आणि कॅनडा अमेरिकेतल्या भाच्याला "येताना गमीज (गांजाच्या अर्काच्या चघळायच्या गोळ्या) आण" असं चुकूनही सांगू नका, तिकडे लीगल असलं तरी इथे एअरपोर्टवर पोरगा अडकेल.

कायदा बदलावा का यावर घरोघरी वाद होतात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी पास झाला, भारताने बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात गोव्यात औषधासाठी लागवडीचा प्रस्ताव आला तेव्हा केवढा गदारोळ झाला. मुलांच्या हातात जाईल ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण मॉर्फिनचं काय झालं ते बघा ना, १९८५ नंतर परवान्यांच्या भानगडीत हॉस्पिटलांनी ते ठेवणंच कमी केलं, पेशंट तळमळत राहिले, आणि २०१४ मध्ये कायदा बदलून नियम सोपे करावे लागले. जे मॉर्फिनला केलं ते याला का नको? ठरलेला डोस, हॉस्पिटलची फार्मसी, प्रत्येक बाटलीची नोंद. मौजमजेच्या गांजाचा वाद वेगळा ठेवा, तो यात मिसळला की मरण पेशंटचं होतं.

घरी सुरू कराल तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्यात कमी डोसने, रात्री, कोणीतरी जवळ असताना. त्या काळात पेशंटने गाडी चालवायची नाही. बाटली कुलपात ठेवा, नातवंडं येतात जातात. बिल आणि प्रिस्क्रिप्शनची कॉपी बाटलीसोबतच ठेवा, प्रवासातही. आणि एक वही करा, किती वाजता घेतलं, किती थेंब, झोप लागली का, जेवण गेलं का. मावशीला विजयाने भूक थोडी सुधारली, दुखण्यात काही फरक नव्हता, हे आम्हाला वहीवरूनच कळलं आणि मग डॉक्टरांनी दुपारचा डोस बंद केला.