सीट चकाकतेय म्हणजे मळलीय

पुण्यात कार डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करायच्या कामाला लागलो तेव्हा माझी समजूत होती की लेदर सीट साफ झाली की आरशासारखी चमकते. उस्तादांनी एका जुन्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बोट टेकवून विचारलं, "ही चमक कसली?" म्हटलं, पॉलिशची. "घामाची आणि तेलाची. नवी सीट मॅट असते, बिनचमकीची. शेजारची बघ." शेजारच्या सीटवर क्वचितच कुणी बसत असावं. फरक उघड दिसत होता.

नव्याने शिकणाऱ्याने आधी हात कशाला लावतोय ते ओळखावं. गिऱ्हाईक म्हणतं 'लेदर', पण निम्म्या वेळा ते लेदरेट, म्हणजे नकली चामडं निघतं. बाहेरून शिवून घेतलेली कव्हरं तर बहुधा रेक्झिनचीच. खरं चामडं असलं तरी आजच्या बहुतेक गाड्यांत त्यावर रंगाचा आणि वर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर असतो. दिसणार नाही अशा जागी पाण्याचा थेंब टाका. तसाच राहिला तर वर थर आहे. शोषला जाऊन डाग गडद झाला तर ते अ‍ॅनिलिन चामडं, म्हणजे वर थर नसलेलं उघडं. तिथे शिकाऊ माणसाने हात आवरावा.

मी आवरला नव्हता, आणि तेही थर असलेल्या साध्या सीटवर. क्रीम रंगाची सीट, जीन्सचा निळा डाग. मी दरवाजाचं प्लास्टिक धुवायचा स्ट्राँग क्लीनर आणि कडक ब्रश घेतला. फडकं क्रीम झालं तेव्हा मी खूश होतो, मळ निघतोय म्हणून. निघत होता तो सीटचा रंग. चामड्याचा सामू (pH) ४ ते ५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी. असले क्लीनर अल्कलीचे, नेमके उलटे. रंगकामाचा खर्च उस्तादांनी सोसला आणि महिनाभर मला फक्त पायाखालचे मॅट धुवायला लावले. 'मॅजिक स्पंज'ही तसाच, दिसायला मऊ पण काम बारीक पॉलिश पेपरचं. २०२० मध्ये सॅनिटायझर लागलेल्या हातांनी किती स्टिअरिंग सोलपटली ते आठवा. अल्कोहोलपुढे तो वरचा थर टिकत नाही.

आता माझी पद्धत साधी आहे. आधी शिवणींतली रेती व्हॅक्यूमने काढायची, नाहीतर तीच घासली जाते. लेदर क्लीनर मऊ ब्रशवर घ्यायचा, सीटवर फवारायचा नाही. भोकांच्या सीटमध्ये तो आत उतरतो आणि फेस भोकांतच वाळून बसतो. हातभर जागा घ्या, फेस वाळायच्या आत मायक्रोफायबरने टिपा. डाग एका दमात गेला नाही तर जोर वाढवू नका, फेऱ्या वाढवा.

कंडिशनरबद्दल, म्हणजे चामडं मऊ ठेवायच्या क्रीमबद्दल फार बोललं जातं. थर असलेल्या चामड्यात तो फारसा मुरत नाही. रुपयाएवढा थेंब सीटच्या बसायच्या भागाला पुरतो, आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढायचाच. स्टिअरिंगवर तर नावाला. हात घसरला तर जबाबदारी कोणाची? खोबरेल तेल लावून आणलेल्या सीटही येतात. त्यांवर धूळ अशी चिकटते की आधी तेल काढण्यातच दुपार जाते.

पावसाळ्यात उभ्या गाडीत पांढरी बुरशी धरते. मास्क लावा, गाडी उघड्यावर आणून पुसा, आणि कार्पेटखाली ओल आहे का बघा. ती राहिली तर बुरशी आठवड्यात परत.

हे सगळं करून सीट मॅट झाली की गिऱ्हाईक म्हणतं, "चमक कुठे गेली?" म्हणून मी अर्धीच सीट साफ करून त्यांना बोलावतो. दोन्ही भागांवरून हात फिरवायला सांगतो. मग उरलेली अर्धी.