ओहोटीच्या खडपात ऑक्टोपस कसा बघावा: घाटावरून उतरणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पाण्याला तोटा नाही. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, कळंबा आहे. पण ऑक्टोपस आणि त्याचे भाऊबंद स्क्विड, कटलफिश यांतला एकही प्राणी गोड्या पाण्यात जगत नाही, जगात कुठेही नाही. त्यामुळे घाट उतरावाच लागतो. आंबा घाटाने रत्नागिरी, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवली, कसाल करत मालवण. रस्ता तुम्हाला माहीत आहे, तो सांगत बसत नाही.

हंगाम डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात खडपाकडे, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या कातळाकडे, फिरकू नका.

जागा निवडताना एकच गोष्ट बघा: खाडीचं तोंड जवळ नको. या प्राण्यांना पाण्याचा खारटपणा कमी झालेला सोसत नाही आणि खाडीचा गाळ आला की तुम्हालाही काही दिसत नाही. नुसती वाळू असलेला किनाराही नको. भेगा, खळगे आणि ओहोटीनंतरही पाणी धरून ठेवणारी कुंडं असलेलं खडप हवं.

आता वेळ. कोल्हापूरचा माणूस सकाळी मिसळ खाऊन आठला निघतो, साडेअकरा-बाराला समुद्रावर पोचतो आणि म्हणतो, इथे काही नसतंच. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास दुपारी बाराला भर भरती असते, दिसणार काय? किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वितीयेला दोन गुणिले पाऊण, म्हणजे दीड वाजता भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी, साडेसातच्या सुमारास, ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी तीच.

अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, म्हणून एका दिवसाच्या सहलीला ती सोयीची वाटते. त्या मोहात पडू नका. तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी असते, पाणी लांब हटत नाही आणि खरं खडप उघडंच पडत नाही. उधाणाच्या दिवसांतच जा, पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया सगळ्यात बरी. म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आला. तो टाळून हे काम होत नाही. तिथीचा हिशेब फक्त बेत आखण्यापुरता. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि लाटांचा इशारा आहे का ते हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, ज्या ओहोटीचा आकडा लहान ती धरा.

पायात रबरी तळाचे, बंद, भिजले तरी चालतील असे बूट. कोल्हापुरी चप्पल शेवाळावर घालून गेलात तर दवाखान्याचा पत्ता आधी विचारून ठेवा. डोळ्यांना पोलराइज्ड गॉगल हवाच, पाण्यावरची चकाकी त्यानेच कापली जाते. साध्या काळ्या गॉगलने काही होत नाही.

खडपावर ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि हटत्या पाण्यामागून पुढे सरका.

आता मुख्य काम. इथे बहुतेकांचं घोडं अडतं आणि माझंही बराच काळ अडलेलं होतं. लोक ऑक्टोपस शोधतात, आणि ऑक्टोपस शोधून सापडत नाही. चित्रातला लाल, आठ हात पसरलेला प्राणी डोक्यात ठेवून तुम्ही चालत राहता आणि तो तुमच्या पायाशी दगड होऊन बसलेला असतो. त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात, प्रत्येकीला स्नायू जोडलेले आणि त्या स्नायूंना थेट मेंदूकडून आदेश. त्यामुळे रंग बदलायला सेकंदसुद्धा लागत नाही. शिवाय कातडीवर गुठळ्या उठवून तो शेवाळलेल्या कातळाचा खरखरीतपणाही आणतो. स्वतःला रंग दिसत नसताना हे सगळं करतो, हे वेगळंच. सांगायचं इतकंच की रंग आणि आकार यांच्या भरवशावर राहू नका.

त्याचं घर शोधा. ऑक्टोपस भेगेत, दगडाखाली किंवा कातळाच्या भोकात राहतो आणि खाल्लेल्याचा कचरा दारातच टाकतो. कुर्लीची रिकामी कवचं, तिचे नांगे, उघडे शिंपले, जेवणावळीनंतर मांडवाबाहेर पडलेल्या पत्रावळ्यांसारखे एका जागी साचलेले. लाटेने आणलेले शिंपले खडपभर विखुरलेले असतात. हे मात्र एकाच भोकापुढे असतात. कवचं स्वच्छ, ताजी, शेवाळ न धरलेली असतील तर घरमालक आत असण्याची शक्यता चांगली. शेवाळ चढलं असेल तर घर रिकामं समजा आणि पुढे चला. कधीकधी भोकाच्या तोंडाशी लहान दगड रचलेले दिसतात, तेही त्याचंच काम.

असं भोक दिसलं की लगेच वाकू नका. तीन-चार हात लांब, तुमची सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा. उकिडवे बसा, नाहीतर सरळ ओल्या कातळावर बसा, पण बसा. उभा माणूस त्याला शिकारी वाटतो. मग दोनच गोष्टी बघा. पहिली, श्वास. तो पाणी आत घेऊन एका नळीतून बाहेर सोडतो, त्यामुळे भोकापाशी बारीक गाळ ठरावीक लयीत हलतो. वारा पडलेला असेल तर हे लांबूनही कळतं. दुसरी, डोळा. त्याची बाहुली आडव्या काळ्या रेघेसारखी असते आणि अंग कसंही वळवलं तरी ती रेघ आडवीच राहते. भोकाच्या अंधारात आडवी रेघ दिसली की काम झालं. कातळ आडव्या डोळ्याने बघत नाही.

किती वेळ बसायचं? दहा मिनिटं तरी. हे ऐकून लोक हसतात आणि दोन मिनिटांत उठतात. तुम्ही आलात तेव्हा तो आत खेचला गेलेला असतो. धोका टळला असं वाटलं की आधी डोळा वर येतो, मग एखादा हात बाहेर चाचपायला लागतो. नशीब असेल तर तो एका कुंडातून निघून ओल्या खडकावरून सरपटत दुसऱ्या कुंडात जातानाही दिसतो. सोबत लहान मुलं असतील तर दोघा-दोघांच्या पाळ्या लावा, सगळी वरात एका भोकापुढे नको.

याबाबत जे सल्ले फिरतात त्यातले दोन मला ऐकवत नाहीत. एक, काडीने डिवचा म्हणजे बाहेर येतो. येत नाही, आणखी आत घुसतो किंवा शाई सोडून पळतो आणि तुम्ही चांगलं घर उठवून ठेवता. दुसरा, हात घालून बघा. भोकात वामेसारखा चावरा मासा असू शकतो, सागरी साळ असू शकते आणि ऑक्टोपसही चावतो. त्याच्या हातांच्या मधोमध पोपटासारखी चोच असते आणि ऑक्टोपसच्या लाळेत विष असतं. अंगावर निळी वलयं असलेल्या जातीचं विष तर माणसाचा जीव घेतं. सुंदर शंकूच्या आकाराचा जिवंत शंखही उचलू नका, त्याचा डंखही घातक असतो.

खरा सल्ला हवा असेल तर कालवं काढायला आलेल्या बायकांना विचारा. “मावशी, ह्या खडपात ऑक्टोपस कुठं दिसतो?” एवढंच, आणि त्यांचं काम अडवून नव्हे. कुठल्या भेगेत काय असतं हे त्यांना पाठ असतं.

सापडला, तर बघा आणि सोडा. फोटोसाठी बादलीत घेण्याचा प्रकार मी ज्या गटात असतो तिथे चालत नाही. त्याचं रक्त निळं, तांब्याच्या आधारावर प्राणवायू वाहून नेणारं. आपल्या रक्तापेक्षा या कामात कमजोर. हृदयं तीन, पण जोरात पोहताना शरीराला रक्त पुरवणारं मुख्य हृदयच थांबतं. म्हणून पाठलागाने तो लवकर दमतो आणि बादलीतल्या कोमट, शिळ्या पाण्यात मरतो. भोकात द्राक्षाच्या दाण्यांपेक्षाही बारीक अंड्यांचे पांढरट झुबके लोंबताना दिसले तर ताबडतोब मागे सरा. मादी त्यांच्यावर पाणी फुंकत बसलेली असते, काही खात नाही आणि अंडी फुटली की मरते. उलटा केलेला दगड होता तसा पालथा घाला.

पाणी वळलं की तुम्हीही वळा. आणखी पाच मिनिटं नाहीत. भरती पुढून येताना दिसते, पण मागचे खळगे आधी भरतात.

कटलफिश बघायचा तर मालवणात स्नॉर्केलिंग. पंचगंगेत पोहायला शिकलात तरी लाइफ जॅकेट घाला. खडक संपून वाळू सुरू होते त्या कडेवर लक्ष ठेवा. अंगाभोवती झालरीसारखा पर हलवत एका जागी तरंगणारा, डब्ल्यू अक्षराच्या बाहुलीचा प्राणी तोच. त्याच्याकडे पोहत जाऊ नका, हातपाय थांबवून पडून राहा. पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करणारा वाटाड्या असेल तर पैसे देण्याआधीच सांगा की पाव नको. त्या झुंबडीत हा येत नाही.

स्क्विड दिवसा क्वचितच भेटतो. तो मोकळ्या पाण्यातला, थव्याने फिरणारा. रात्री जेटीवरच्या दिव्याखाली उजेड आणि अंधाराच्या सीमेवर बघा, तिथे तो लहान माशांच्या मागे येतो. उजेडाकडे येण्याच्या याच सवयीचा फायदा एलईडी दिव्यांची मासेमारी घेते, तिला २०१७ पासून बंदी आहे.

आणि किनाऱ्यावर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तू सापडली तर ते समुद्रफेन, कटलफिशच्या पाठीतलं कवच. कोल्हापुरात लव्हबर्ड पाळणारे ते पिंजऱ्यात अडकवतात, त्यातून पक्ष्यांना कॅल्शियम मिळतं. दुकानात स्वस्त मिळतं, तिथूनच घ्या. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीतून शिंपलाही उचलायचा नाही.