वर्गात प्रत्येकाला लॅपटॉप देताय? या चुका टाळा

लॅपटॉप नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामांच्या निधीतून) येवोत की पालकांच्या वर्गणीतून, वाटपाचे फोटो काढून झाले की पहिला प्रश्न प्लगचाच येतो.

हिशोब साधा आहे. ४० लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॅटचा चार्जर, म्हणजे २,६०० वॅट. वर्गातला ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॅट झेपवतो. तरीही एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत बाकांखालून वायरी फिरवल्या जातात. एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडला की सर म्हणतात, "लाइट गेली!" लाइट जात नाही, आपणच घालवतो. वायरमनकडून १६ अँपिअरच्या दोन स्वतंत्र लाइन ओढून घ्या, अर्थिंग तपासा आणि शाळा सुटायच्या आधी निम्मे-निम्मे करून चार्जिंग उरका. कुलूपबंद लोखंडी कपाटात रात्रभर चार्जिंग अजिबात नको.

सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे पावसाळ्यात वीज गेली तरी चार्ज केलेले लॅपटॉप चालतात, बंद पडतो तो राउटर. त्याला छोटा यूपीएस लावला की काम भागतं.

सगळ्यांनी एकदम व्हिडिओ उघडला की नेट रडतंच. खरा चोर मात्र अपडेट. १ जीबीचं अपडेट ४० यंत्रांनी एकदम ओढलं, तर ५० एमबीपीएसची लाइन पावणेदोन तास अडकते. त्यामुळे अपडेट शनिवारी दुपारी. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवरून एकदाच उतरवा आणि पेनड्राइव्हने वाटा.

मराठीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. कृती देव किंवा श्रीलिपी अशा जुन्या मराठी फॉन्टमधली प्रश्नपत्रिका नव्या लॅपटॉपवर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त तो फॉन्ट तिथे नसतो. युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीत) रूपांतर करा, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण गडबड तिथेच होते. वाटपाआधी प्रत्येक यंत्रावर मराठी कळफलक चालू करून ठेवा, नाहीतर मुलं मराठीचा निबंधही रोमनमध्ये लिहितील.

आणि तास सुरू झाला की सगळे लॅपटॉप उघडलेच पाहिजेत, हा हट्ट कशाला? पेरू देशात मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप दिले गेले. २०१२ साली आलेल्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र काही शिकवत नाही, त्याला काम द्यावं लागतं. लासलगावच्या कांद्याचे आठवड्याचे भाव स्प्रेडशीटमध्ये भरून सरासरी काढायला लावा. दोघांत एक लॅपटॉप पुरतो आणि वादही चांगला रंगतो. तिथे बेरीज शून्य आली तर सूत्राला दोष देऊ नका. मुलांनी देवनागरी अंक टाकलेले असतात आणि स्प्रेडशीट त्यांना बहुतेक वेळा अक्षरं समजते. आकडे भरताना कळफलक इंग्रजीवर आणायला सांगा.