डिस्क पॅड बदलायची वेळ झाली का, हे बघून कसं ठरवायचं

दुचाकीच्या ड्रम ब्रेकचं लायनर झिजलं की पेडल खाली जातं आणि मागचा नट आवळावा लागतो. त्या सवयीने बरेच जण डिस्कचा अंदाजही लिव्हरवरून घेतात, आणि तिथेच फसतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांनी दाबून धरतो. पॅड जसा झिजेल तसा कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकून राहतो आणि त्याच्यामागची जागा वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल भरून काढतं. त्यामुळे पॅड पार संपत आला तरी लिव्हर हाताला जवळपास पहिल्यासारखाच लागतो. (लिव्हर स्पंजसारखा मऊ लागत असेल तर तो पॅडचा दोष नाही, बहुधा पाइपात हवा शिरलेली असते.) आवाजाची वाट बघणंही महागात पडतं. लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर ऐकू येते तोवर डिस्कला चरे पडायला लागलेले असतात. किलोमीटरवरही भिस्त ठेवू नका. रोज घाट उतरणारी गाडी आणि मोकळ्या सपाट रस्त्यावरची गाडी यांच्या पॅडच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

तेव्हा पॅड डोळ्यांनीच बघायचा. गाडी डबल स्टँडवर घ्या, हँडल एका बाजूला वळवा आणि मोबाइलचा टॉर्च कॅलिपरच्या फटीत धरा. काही गाड्यांत समोरून नीट दिसतं, काहींत मागून किंवा खालून वाकून बघावं लागतं. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड दिसेल आणि प्रत्येक पॅडचे दोन भाग दिसतील. बाहेरची पोलादी प्लेट सरळ कडांची, रंग दिलेली असते. डिस्कला टेकलेला भाग मळकट करडा किंवा काळा आणि खरखरीत असतो. मोजायचा तो फक्त हा दुसरा भाग. प्लेटसकट जाडी धरून ‘अजून भरपूर आहे’ म्हणणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण प्लेटच कित्येकदा ४ मिमीच्या आसपास असते.

रोजच्या वापराच्या गाड्यांत नव्या पॅडवर साधारण ४ ते ५ मिमी थर असतो. ३ मिमी उरला असेल तर काळजी नको. २ मिमीवर आला की नवे पॅड आणून ठेवा आणि सवड काढून बदला. १.५ मिमीच्या खाली गाडी लांब नेऊ नका. १ मिमी ही शेवटची हद्द समजा, आणि गाडीच्या पुस्तिकेत जास्त आकडा दिला असेल तर तोच पाळा. डोळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून २ मिमीची एल-की थराच्या कडेला लावून बघा. थर तिच्यापेक्षा बारीक दिसला की निर्णय झाला. अनेक पॅडवर मधोमध किंवा कडेला खाच असते. ती पुसली गेली की पॅड संपला.

बघताना दोन्ही पॅड बघा, आणि त्यातला बारीक पॅड जिथे सर्वात बारीक असेल तिथला आकडा धरा. बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसरा पॅड डिस्कवर ओढतो. या पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. मग पिस्टनकडचा पॅड एकटाच झिजतो. एक पॅड ३ मिमीचा दिसत असताना दुसरा प्लेटपर्यंत पोचलेला असू शकतो. दोन्हींत १ मिमीहून जास्त फरक असेल किंवा एखादा पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही, नवेही तसेच जातील. पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस तिथे नको, त्याने रबर फुगतं.

पावसाळ्यात तपासणी वाढवा. चिखल आणि बारीक रेती डिस्कवर चढून पॅडला पॉलिश पेपरसारखी घासते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी रचना) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी रचना) सक्तीचं झालं. पुढे डिस्क असलेल्या सीबीएस गाडीत साधारणपणे मागचं पेडल दाबलं तरी पुढचा ब्रेक थोडा लागतोच. ‘मी पुढचा वापरतच नाही’ म्हणणाऱ्याचेही पुढचे पॅड झिजतात.

जाडी शिल्लक असूनही पॅड टाकून द्यावे लागतात ते तेलामुळे. शॉकॅबच्या सीलमधून ऑइल गळून किंवा चेनचा स्प्रे उडून पॅड भिजला की तो पुन्हा पूर्वीसारखा धरत नाही. आधी गळती थांबवा, ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा आणि मग दोन्ही पॅड नवे घाला.

डबीतलं ऑइल खाली गेलेलं दिसलं तर लगेच भरू नका. आधी पॅड बघा. ते झिजले असतील तर पातळी त्यामुळेच उतरली आहे. वरून ऑइल भरलंत तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ते बाहेर सांडेल आणि टाकीचा रंग खाईल. पॅड जाड आणि पातळी खाली, असं असेल तर गळती शोधा.

पॅड काढलेत तसं डिस्कवरून नख फिरवून चरे पडलेत का तेही बघा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड घालू नका.

बदलताना एका कॅलिपरचे दोन्ही पॅड एकदमच बदला. कॅलिपर सुटा असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिल्या वळणावर ब्रेकच लागणार नाही. पहिले १००-१५० किलोमीटर पॅड डिस्कवर बसत असतात, तोवर पकड कमी असते. म्हणून ताम्हिणी किंवा वरंधला जायचं ठरलं असेल तर पॅड आदल्या रात्री बदलू नका, आठवडाभर आधी बदला.