कोलोरॅडोच्या डोंगराळ सार्वजनिक जंगलात मूसच्या शिकारीचे नियोजन कसे करावे

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र सार्वजनिक जंगलात परवाना काढून शिकार करता येते, आणि तिथे राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांना तिचा विचार करायचा आहे त्यांच्यासाठी कोलोरॅडोचे उदाहरण घेत आहे. या राज्याने १९७८ मध्ये नॉर्थ पार्कच्या खोऱ्यात मूस (हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी) आणून सोडले आणि आज ते बऱ्याच पर्वतरांगांमध्ये पसरले आहेत.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. परवाना सोडतीने मिळतो, त्यासाठी वसंत ऋतूतच अर्ज करावा लागतो, आणि नंबर लागेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे, तेव्हा बंदुकीला हात लावण्यापूर्वी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

परवाना हाती आला की नकाशा उघडावा, पण मूस कुठे सापडेल यापेक्षा मांस कुठून वाहून आणता येईल हे आधी ठरवावे. प्रौढ नर ३५० ते ४५० किलोंचा असतो आणि हाडे काढल्यावरही दीडशे किलोंच्या आसपास मांस उरते. एका खेपेला तीस किलो धरले तर पाच खेपा आणि शिंगांची एक, अशा सहा होतात. म्हणजे रस्त्यापासून तीन किलोमीटरवर शिकार केल्यास एकट्या माणसाला छत्तीस किलोमीटर चालावे लागते आणि त्यातले निम्मे अंतर पाठीवर ओझे असते, तेही विरळ हवेत. ‘विल्डरनेस’ (कायद्याने नैसर्गिक अवस्थेत राखलेले रान) म्हणून घोषित क्षेत्रात मोटारच काय, हातगाडीसुद्धा नेता येत नाही. म्हणून साथीदार, घोडे किंवा लामा (ओझे वाहणारा, उंटाच्या कुळातला प्राणी) यांची सोय आधीच करून ठेवावी आणि ती नसेल तर रस्त्यापासून दूर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन यावे. ओढ्याकाठची विलोची झुडपे, दलदल आणि लगतचे फर वृक्षांचे दाट रान पाहावे; शेंडे खुडलेल्या फांद्या आणि ताजी लीद दिसली की जागा योग्य आहे. मूस आणि एल्क (मूसपेक्षा लहान असे दुसरे मोठे हरीण) यांतला फरक दुर्बिणीतून ओळखण्याचा सराव करावा, कारण चुकून भलतेच जनावर मारल्याच्या घटना घडतात. मादीच्या शेपटीखाली पांढरा डाग असतो. परवाना मादीचा असेल तर तो दिसेपर्यंत थांबावे.

प्रत्यक्ष शिकारीत कमरेच्या वर आणि डोक्यावर ठरवून दिलेला भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग घालावा. जनावर पाण्यात किंवा चिखलात उभे असेल तर गोळी झाडू नये, कारण एवढे धूड तिथून बाहेर ओढता येत नाही.

त्यानंतर वेळ दवडू नये. कातडे जाड असल्यामुळे आतली उष्णता टिकते आणि मागच्या मांडीत हाडालगतचे मांस सर्वांत आधी आंबते. कातडे लगेच सोलावे, चारही पाय सुटे करावेत, मांस सुती पिशव्यांत घालून वारा लागेल अशा सावलीत टांगावे आणि प्लॅस्टिक टाळावे. जनावराच्या लिंगाचा पुरावा मांसाला जोडलेलाच ठेवावा आणि डोके ठरावीक मुदतीत वन्यजीव विभागाकडे तपासणीसाठी न्यावे.