गल्लीतील कुत्र्यांचा वाद आम्ही कसा मिटवला

बेळगावातील आमच्या गल्लीत अंगणवाडीच्या दारातच भटक्या कुत्र्यांना भाकरी टाकली जाई आणि त्यावरून रोज तंटा होई. कुत्री उचलून रानात सोडावीत, हा पंचांचा आग्रह मला पटत नव्हता. 2023 च्या पशु जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेने नसबंदी व रेबीज लसीकरण करून कुत्री मूळ जागीच सोडायची असतात. रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात केला आहे. त्याच आदेशाने प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याची जागा ठरवण्याचे काम पालिकांवर सोपवले असून, नियमांनुसार ती मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी लागते. हे मुद्दे मांडून वॉर्ड कार्यालयात कन्नड अर्ज व सोबत मराठी प्रत दिली आणि पोचेचा शिक्का घेतला (तोंडी तक्रारीची नोंद राहतेच असे नाही). नसबंदीची गाडी उशिराच आली; जागा मात्र पाहणी होताच जुन्या विहिरीमागे ठरली. भाकरी टाकणाऱ्या काकूंना वेळ पाळण्यास राजी करणे अर्जापेक्षा अवघड गेले. आता मुले येण्यापूर्वीच त्या तिकडे जाऊन येतात.